दुसऱ्या पानाचा माथा

लोणारच्या एका शिक्षकांचं पत्र आलंय. दैत्यसूदन मंदिराच्या भिंतींवरची शिल्पं त्यांनी एक्सेलमध्ये नोंदवली आहेत: मंदिर, भिंत, शिल्प असे तीन रकाने. पुढे कमळजा, रामगया, वाघ महादेव असं विवरात उतरायचा त्यांचा बेत आहे. गेल्या आठवड्याचं सूत्र लावून त्यांनी यादी छापली. पहिलं पान झकास आलं, पण दुसऱ्या पानावर पहिला रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. ती शिल्पं कुठल्या मंदिराची, हे हातात फक्त तेच पान असलेल्या विद्यार्थ्यानं ओळखायचं कसं?

प्रश्न इतका मोलाचा आहे की कबूल केलेलं पिव्होट टेबल आज बाजूला ठेवतो.

कंडिशनल फॉरमॅटिंगमधलं आपलं सूत्र होतं =$ए२=$ए१ (इथं देवनागरीत छापलंय, तुम्ही इंग्रजी अक्षरांत टंका). वरच्या ओळीत तेच नाव असेल तर ;;; हा फॉरमॅट लागतो आणि नाव दिसेनासं होतं. पण पान कुठं संपतं, याची या सूत्राला खबरच नसते. ती आपण द्यायची.

शीर्षकाची ओळ सोडून पानावर ३५ ओळी ठरवा आणि सगळ्या ओळींची उंची १८ पॉइंट करा, म्हणजे ए४ कागदावर त्या आरामात मावतात. ३७व्या, ७२व्या अशा दर ३५ ओळींनी पेज ब्रेक घाला. प्रिंट टायटल्समध्ये पहिली ओळ द्या. आता नियम असा:

=अँड($ए२=$ए१,मॉड(रो()-२,३५)<>०)

ओळीच्या क्रमांकातून २ वजा करून ३५नं भागल्यावर बाकी शून्य उरली, तर ती पानाची पहिली ओळ. तिथं नाव झाकायचं नाही. मात्र ‘फिट टू’ चालू असेल, तर एक्सेल तुमचे पेज ब्रेक जुमानत नाही. तो पर्याय बंद ठेवा.

भिंतीच्या रकान्याला वेगळा नियम लागतो. दैत्यसूदनाची शेवटची नोंद ‘उत्तर’ आणि पुढच्या मंदिराची पहिलीही ‘उत्तर’ असेल, तर नुसती भिंत ताडून पाहणारं सूत्र दुसरी ‘उत्तर’ गिळून टाकेल. म्हणून मंदिर आणि भिंत दोन्ही जुळली तरच झाका:

=अँड($ए२=$ए१,$बी२=$बी१,मॉड(रो()-२,३५)<>०)

एवढं करूनही एखादं नाव दोनदा दिसलंच, तर त्याच्यामागे चुकून पडलेली मोकळी जागा शोधा. संगणकाच्या लेखी ते वेगळं नाव असतं.

शिक्षकांनी शेवटी विचारलंय, एवढ्या खटाटोपापेक्षा खाली सरळ ‘कित्ता’ लिहिलं तर? वहीत जरूर लिहा, एक्सेलमध्ये नको. यादी शिल्पाच्या नावानं एकदा लावून बघा. सगळे कित्ते विखुरतील आणि कुठला कोणाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. नोंद प्रत्येक ओळीत पूर्णच हवी. झाकायची ती फक्त कागदासाठी.

पिव्होट टेबल पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर काहीही छापण्याआधी प्रिंट प्रिव्ह्यूत दुसरं पान उघडून बघत चला.