थडग्यातून उठला, तो थेट नाचगाण्यात!

डोकं धडाएवढं, पाय वीतभर, तोंडावर पांढरा मुखवटा आणि हातात खाटिकछाप हत्यार. हा रिक, 'स्प्लॅटरहाउस: वानपाकु ग्राफिटी' या गेमचा नायक. गेम नामकोचा, म्हणजे पॅक-मॅनवाल्यांचा. ३१ जुलै १९८९ ला तो फॅमिकॉम या घरगुती गेमयंत्रावर आला, तोही फक्त जपानात. आणि यात टर उडवली होती ती नामकोनं स्वतःच्याच भयपट-गेमची!

मूळ 'स्प्लॅटरहाउस' १९८८ चा, आर्केडवरचा. तिथे थट्टेला थारा नव्हता. डॉक्टर वेस्टच्या हवेलीत रिक आणि जेनिफर शिरतात, एक शापित मुखवटा रिकच्या तोंडाला चिकटतो, अंगात राक्षसी बळ येतं आणि मग लाकडी फळीनं भुताखेतांना भिंतीवर चेचत सुटायचं. एका बॉसच्या डोक्यावर पोतं आणि हातांच्या जागी चक्क यांत्रिक करवती. ज्या जेनिफरसाठी हा सगळा खटाटोप, तीच राक्षसीण होऊन अंगावर येते आणि रिकला तिचा जीव घ्यावा लागतो. पुढे हा गेम अमेरिकेत टर्बोग्राफिक्स या गेमयंत्रावर आला तेव्हा पांढरा मुखवटा लाल करण्यात आला. 'फ्रायडे द थर्टीन्थ'मधल्या जेसनची आठवण पांढऱ्या मुखवट्यानं फारच होत होती, हे वेगळं सांगायला नको.

विडंबनात पारडं उलटं. मेलाय रिक आणि थडग्यावर रडतेय जेनिफर. वीज कडाडते, रिक टुणकन बाहेर! दुसरी वीज शेजारच्या थडग्यावर पडते, त्यातून निघतो भोपळेराजा आणि जेनिफरला घेऊन पसार होतो. झाली कथा, चला कामाला.

खरी मजा पहिल्याच बॉसपाशी. शवपेटीतून व्हँपायर निघतो. आता हा झडप घालणार म्हणून आपण सावध, तर साहेब भुतांचा ताफा जमवून 'थ्रिलर'च्या ढंगात नाचायला लागतात! मायकेल जॅक्सनचा तो व्हिडिओ १९८३ च्या डिसेंबरातला, त्यामुळे खेळणाऱ्याला खूण पटायला वेळ लागत नाही. मारामारी होते, पण नाच आटोपल्यावर. आठ बिटांच्या यंत्रावर, बोटभर आकृत्यांकडून एवढा ठसका काढून घेणाऱ्यांना माझा सलाम.

पुढे तर चेष्टेची नुसती रांगच आहे. 'एलियन'च्या चालीवर पोट फाडून बाहेर येणारी पिल्लं, 'द फ्लाय'सारखा माशी झालेला माणूस. जेसनच्या क्रिस्टल लेकचं इथे झालंय डायमंड लेक. आता मला सांगा, हे सिनेमे पाहायची ज्यांना घरून परवानगी मिळणार नाही, अशा वयासाठी हे गोलमटोल चित्र काढलं होतं. पोरांना दिसणार धावाधाव आणि मागे बसलेल्या मोठ्या भावाला हसू आवरणार नाही. माझ्या मते हा गेम मूळ गेमपेक्षा चलाख आहे. भीती घालायला रक्ताचे पाट पुरतात, पण तिची खिल्ली उडवायची तर आधी तिची नस सापडावी लागते.

अशी घरची थट्टा करण्यात नामको एकटी नव्हती. कोनामीनं १९९० मध्ये आपल्या 'कॅसलव्हेनिया'तल्या ड्रॅक्युलाला बाळसं आणून 'बोकु ड्रॅक्युला-कुन' काढला.

शेवट तर नंबरी. भोपळेराजा चीतपट झाल्यावर कळतं, हे सगळं सिनेमाचं शूटिंग होतं! म्हणजे ही मूळ गोष्टीच्या आधीची हकीकत की नुसती मस्करी, यावर चाहत्यांची जुंपते. दिग्दर्शक हजर असताना एवढा काथ्याकूट कशाला, कोण जाणे.

मालिका २०१० मध्ये नव्यानं आली, तेव्हा तिच्यासोबत जुने तीन गेम दिले, पण बुटक्या रिकला वगळलं. जपानबाहेर तो अधिकृतपणे पोचला २०२० मध्ये, 'नामको म्युझियम आर्काइव्ह्ज'च्या पहिल्या खंडातून. खेळणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जितके शत्रू लोळवाल तितकी आयुष्याची पट्टी लांबते, तेव्हा पळ काढू नका. आणि बंदूक सापडली तर गोळ्या मोजक्याच असतात. त्या किरकोळ भुतांवर उधळू नका.