शिडाखालच्या गप्पा

1892 सालच्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या बोस्टन शहरात जोशुआ स्लोकम नावाचा एक कप्तान काम शोधत फिरत होता. वय पन्नाशीकडे झुकलेलं, आणि वाफेच्या बोटींनी शिडाच्या जहाजांचा धंदा जवळजवळ संपवलेला. अशात एबेन पियर्स नावाचा जुन्या ओळखीचा कप्तान भेटला. हा व्हेलच्या शिकारीवर जाणाऱ्या जहाजांवरचा माणूस. त्यानं सांगितलं, फेअरहेवनला ये, तुला एक जहाज देऊन टाकतो, थोडी डागडुजी लागेल एवढंच. स्लोकम गेला आणि पाहतो तर एका शेतात टेकूंवर उभी केलेली, ताडपत्रीखाली झाकलेली ‘स्प्रे’ नावाची जुनाट होडी. सात वर्षं ती तशीच पडून होती. पियर्सनं याची चांगलीच चेष्टा केली, असं म्हणत गावकरी हसले.

स्लोकमनं जवळचाच एक ओक पाडला आणि कणा घडवायला घेतला. मग गावातले निवृत्त कप्तान रोज येऊन बसू लागले. कुणी लाकूड ठोकून पाही, कुणी फळ्यांच्या जाडीवर मत देई, कुणी हे परवडेल का म्हणून विचारी. थट्टा चालू असतानाच सूचनाही मिळत होत्या. तेरा महिने आणि 553 डॉलर 62 सेंट खर्चून होडी पाण्यात उतरली. 24 एप्रिल 1895ला स्लोकम तिच्यातून बोस्टनहून निघाला आणि 27 जून 1898ला न्यूपोर्टला परतला. एकट्यानं शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस.

वाटेत दक्षिण अमेरिकेच्या टोकाला पुंटा अरेनास इथे सांबलिच नावाच्या एका कप्तानानं त्याच्या हातात चुका भरलेली पिशवी ठेवली. गालिचा जमिनीवर ठोकायला वापरतात त्या चुका. होडीवर याचं काय काम, असं स्लोकम म्हणाला, तेव्हा सांबलिच नुसता हसला. पुढे मॅगेलनच्या सामुद्रधुनीत झोपण्यापूर्वी स्लोकमनं त्या चुका टोकं वर करून डेकवर पसरल्या. रात्री होडी लुटायला आलेली माणसं अनवाणी होती. किंचाळत, एकमेकांवर पडत त्यांनी पाण्यात उड्या मारल्या. हा प्रसंग स्लोकमनं 1900 साली पुस्तकात लिहिला आणि शिडाच्या होड्या बाळगणारे लोक तो आजही एकमेकांना सांगतात.

होडीवाल्यांच्या बोलण्यात चेष्टा आणि मदत अशी मिसळलेली असते. ब्रिटन, अमेरिका, न्यूझीलंड, कॅरिबियन बेटं, जिथे जिथे माणसं स्वतःच्या लहान शिडाच्या होड्या बाळगतात, तिथे धक्क्यावर हेच ऐकू येतं. तिथल्या विनोदांचा पहिला विषय पैसा. होडी म्हणजे पाण्याला पडलेलं भोक, त्यात नोटा ओतत राहायचं. मालकाच्या आयुष्यात दोनच आनंदाचे दिवस, होडी घेतली तो आणि विकली तो. दूरचा प्रवास म्हणजे काय, तर निरनिराळ्या सुंदर बंदरांत तीच होडी दुरुस्त करणं. हे विनोद शंभरदा ऐकलेले असतात, तरी नव्या मालकाला ते पुन्हा सांगितले जातात, आणि ते योग्यच आहे. पहिलं मोठं बिल हातात आलं की आपणच फसलो असं त्याला वाटू लागतं. सगळे याच वाटेनं गेलेत हे कळल्यावर तो होडी सोडून देत नाही.

पैशानंतर येतो नांगर, आणि इथे गप्पा थांबतच नाहीत. कारणही सबळ आहे. रात्री वारा फिरला आणि नांगर सुटला, तर झोपलेली माणसं होडीसकट खडकावर जातात. 1933 साली केंब्रिजचे शास्त्रज्ञ जेफ्री इन्ग्राम टेलर यांनी शेतातल्या नांगराच्या फाळासारखा एक नवा नांगर काढला. द्रवांच्या गतिशास्त्रातलं फार मोठं नाव, पण हा माणूस स्वतः शिडाची होडी घेऊन नॉर्वेच्या उत्तरेकडच्या लोफोटन बेटांपर्यंत जाऊन आलेला. कमी वजनात जास्त पकड हवी होती आणि पाण्यावर उतरणाऱ्या विमानांनाही तसाच नांगर लागत होता. ‘सीक्यूआर’ नावानं तो जगभर गेला. मग अमेरिकेतून सपाट पात्यांचा डॅनफोर्थ आला, 1970च्या दशकात ब्रूस आला, आणि पुढे न्यूझीलंडच्या पीटर स्मिथ यांचा रोक्ना. प्रत्येकाचे भक्त वेगळे. चिखल, वाळू, शेवाळ, खडक अशा तळाप्रमाणे नांगराची पकड बदलते, म्हणून ज्याला जिथे जे लाभलं ते तो छातीठोक सांगतो. दहा मालकांना विचारलं तर अकरा मतं मिळतात, असं तेच म्हणतात.

पण या सगळ्या मतांखाली एक गोष्ट सर्वमान्य आहे: नांगर कोणताही असो, साखळी भरपूर सोडा. साखळी लांब असली की ती तळाशी आडवी पडते आणि ओढ नांगराला जमिनीत रुतवते. आखूड असली की तीच ओढ त्याला उपटून काढते. निदान खोलीच्या पाचपट साखळी सोडा असं सांगतात, आणि नवखे चुकतात ते खोली मोजण्यात. समजा ओहोटीला चार मीटर पाणी आहे आणि भरतीला आणखी चार मीटर चढणार आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला एवढं पाणी चढतं. होडीचं नाक पाण्यापासून एक मीटर वर. म्हणजे हिशेब नऊ मीटरचा आणि साखळी पंचेचाळीस मीटर. ओहोटीचे चार मीटर धरून वीस मीटर सोडणारा माणूस पहाटे दुसऱ्याच्या होडीवर जाऊन आदळतो. नांगर कसा पडला हे संध्याकाळी शेजारच्या होड्यांवरून सगळे बघत असतात. त्यावर शेरे मारले जातात, आणि अंधार पडण्यापूर्वी त्यांतलाच एखादा छोट्या होडीतून वल्हवत येऊन म्हणतो, अजून थोडी साखळी सोडा, रात्री वारा फिरणार आहे.

बाकीचे विनोदही असेच कामाचे आहेत. घाबरलेला माणूस आणि बादली यांच्यापेक्षा पाणी उपसणारा चांगला पंप नाही, असं हसत सांगणारा लगेच विचारतो, तुमच्या होडीवर मजबूत बादली आहे ना? आधी खाल्लेलं नाही असं काहीही संडासात टाकू नका, हे तर जवळजवळ प्रत्येक होडीवर पाहुण्यांना ऐकवतात. संडासाचा नळ बारीक असतो, तुंबला की मालकालाच हात घालावा लागतो. होडीच्या तळाला जिथे जिथे नळ बाहेर जातो, तिथे लाकडी गुडदी दोरीनं बांधून ठेवा. नळ फुटला की ती ठोकायची, शोधाशोध करायची नाही. शीड कमी करावं का असा विचार मनात आला, म्हणजे ते करायची वेळ आलेली आहे. यामागे साधं गणित आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. दहा नॉटच्या वाऱ्यात मजेत चाललेली होडी वीस नॉटला तेवढ्याच शिडावर फार कलते, आणि तेव्हा डेकवर उभं राहून शीड आखडणं जिवावर बेततं. अमुक तारखेला पोहोचायचंच हा हट्ट होडीवर बाळगण्याजोगी सर्वांत धोक्याची वस्तू, असंही म्हणतात. मला हा सल्ला सगळ्यांत मोलाचा वाटतो. वादळाचा अंदाज दिसत असताना सुट्टी संपते म्हणून निघालेले लोकच पुष्कळदा बुडतात.

हे सगळं लिहून ठेवण्याची जुनी परंपरा आहे. ब्रिटनमध्ये 1880 साली रॉयल क्रूझिंग क्लब निघाला, 1909मध्ये स्कॉटलंडचा क्लाइड क्रूझिंग क्लब. खाडीत शिरताना कोणता खडक कुठल्या टेकडीच्या रेषेत दिसतो, कुठे गोडं पाणी मिळतं, या सभासदांच्या टिपणांतून मार्गदर्शक पुस्तकं झाली आणि ती अजूनही सुधारून निघतात. 1952मध्ये कॅलिफोर्नियात होडीवरच घर करून राहणाऱ्या मोजक्या लोकांनी सेव्हन सीज क्रूझिंग असोसिएशन सुरू केली. तिचं पत्रक म्हणजे सभासदांची पत्रं, जगभरच्या बंदरांतून आलेली. मग रेडिओ आला. बहामातल्या जॉर्ज टाउनला रोज सकाळी होड्यांची रेडिओसभा भरते. हवामान, कुणाला कुठला सुटा भाग हवा, कुणाकडे जास्तीचा आहे, सगळं तिथे कळतं. कॅरिबियनला जायचं ठरवून निघालेले पुष्कळजण इथेच थांबतात आणि माघारी वळतात, म्हणून त्या बंदराला भित्र्यांचं बंदर असं नाव पडलंय. ते ठेवलंय होडीवाल्यांनीच.

कॅनडातले हर्ब हिल्गेनबर्ग यांचं नाव अटलांटिक ओलांडणारे लोक अजून आदरानं घेतात. 1980च्या दशकाच्या अखेरीपासून 2013पर्यंत त्यांनी घरातल्या रेडिओवरून, एक पैसा न घेता, समुद्रातल्या एकेका होडीला हवामानाचा अंदाज दिला आणि कोणत्या दिशेनं वळावं ते सांगितलं. ओळखदेख नसलेल्या माणसांसाठी इतकी वर्षं रोज वेळ देणं ही फार मोठी सेवा आहे.

दुसरं तसंच नाव डोनाल्ड जॉर्डन या अमेरिकी अभियंत्याचं. ऑगस्ट 1979मध्ये आयर्लंडजवळच्या फास्टनेट शर्यतीवर वादळ कोसळलं. 303 होड्या होत्या, पंधरा स्पर्धक गेले. चोवीस होड्या त्यांतल्या माणसांनी सोडून दिल्या, पण बुडाल्या फक्त पाच. उरलेल्या एकोणीस नंतर तरंगताना सापडल्या, आणि त्यांतल्या काही सोडून रबरी तराफ्यावर गेलेली माणसं मात्र वाचली नाहीत. तेव्हापासून प्रत्येक नवख्याला सांगतात, तराफ्यात चढायचं ते वर पाऊल टाकून, म्हणजे होडी पायाखाली गेल्यावरच. विमान उद्योगात काम केलेले जॉर्डन या दुर्घटनेनंतर कामाला लागले. एका लांब दोरावर कापडाचे छोटे शंकू ओळीनं शिवायचे, टोकाला वजन, आणि वादळात तो दोर होडीच्या मागे सोडायचा. मध्यम होडीला असे शंभरच्या वर शंकू लागतात. मागून येणारी लाट होडीला उलटवण्याआधीच हा दोर तिला धरून ठेवतो. जॉर्डन यांनी याचं पेटंट घेतलं नाही. कुणीही घरी शिवावा म्हणून कृती सगळ्यांना देऊन टाकली.

या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजावरचा तरुण अधिकारी. त्याची 32 फुटी ‘सुहेली’ 1960च्या दशकात मुंबईत, सागवानात, इथल्या कारागिरांनी बांधली. तिच्यातूनच त्यानं 14 जून 1968ला इंग्लंडमधलं फाल्मथ सोडलं आणि 22 एप्रिल 1969ला तिथेच परतला. कुठेही न थांबता एकट्यानं केलेली ती जगातली पहिली प्रदक्षिणा. अटलांटिकमध्ये सुहेलीला गळती लागली, तेव्हा त्यानं पाण्यात उतरून, श्वास रोखून, सांध्यांवर कॅनव्हासची पट्टी ठोकली.

पुढे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी मनावर घेतलं की भारतीयानं भारतात बांधलेल्या होडीतून एकट्यानं जगप्रदक्षिणा करावी. नौदलातून दिलीप दोंदे पुढे आले आणि नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडून शिकले. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांनी 56 फुटी ‘म्हादेई’ बांधली. दोंदे 19 ऑगस्ट 2009ला मुंबईहून निघाले आणि 19 मे 2010ला परत आले. एकट्यानं जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची किनाऱ्यावरची बाजू सांभाळणारे अभिलाष टॉमी पुढे न थांबता तीच प्रदक्षिणा करून आले. 2017मध्ये ‘तारिणी’ घेऊन निघालेल्या सहा महिला अधिकाऱ्यांनाही दोंदे यांनीच तयार केलं. हातातून हातात गेलेली विद्या ती ही.

सप्टेंबर 2018मध्ये एकट्यानं, न थांबता जगप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत टॉमी यांची होडी दक्षिण हिंदी महासागरात उलटली. डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर मार बसल्यानं त्यांना उठताही येईना. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिनची डोलकाठीही गेली होती. तरी त्यानं मिळेल त्यावर तात्पुरतं शीड उभारून टॉमींच्या दिशेनं होडी हाकली. शेवटी एका फ्रेंच बोटीनं दोघांना उचललं. पुढच्या शर्यतीत, नोव्हेंबर 2022मध्ये, फिनलंडचे तापिओ लेहतिनेन यांची होडी बुडाली, तेव्हा टॉमी यांनी आपला मार्ग बदलला. आधी पोहोचली ती दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. तराफ्यावरच्या लेहतिनेन यांना तिनं आपल्या होडीवर घेतलं, दोघांनी रमचा एकेक घोट घेतला, मग त्यांना मालवाहू जहाजावर पोहोचवून ती पुन्हा शर्यतीला लागली. शर्यत तिनंच जिंकली, टॉमी दुसरे आले.

आपल्या किनाऱ्यावर हे ज्ञान कमी नाही. दाभोळ, श्रीवर्धन, मालवण, वेंगुर्ले इथल्या म्हाताऱ्या तांडेलांनी आणि नाखव्यांनी शिडावर होड्या हाकल्या आहेत. कुठली खाडी कुठल्या वाऱ्यात बंद होते, कुठला खडक ओहोटीला डोकं काढतो, हे त्यांना तोंडपाठ आहे, आणि ते सांगताना तेही खूप हसवतात. इंजिन आल्यापासून ते विचारायला फारसं कुणी जात नाही. स्कॉटलंडमध्ये हौशी होडीवाल्यांनी शंभर वर्षांपूर्वी वही-पेन्सिल घेऊन जे केलं, ते इथे एखाद्या कॉलेजच्या मुलांना किंवा एनसीसीच्या नौदल पथकाला एका मोसमात सुरू करता येईल. या दिवाळीत कोकणात किंवा गोव्यात जाणार असाल, तर बंदरावर एक संध्याकाळ काढा, शिडाच्या काळातला एखादा तांडेल गाठा, आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत, खडकांच्या नावांसकट, उतरवून घ्या.