मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि रक्तातील मायक्रोआरएनए

जनुकाचा संदेश वाहणाऱ्या आरएनएला चिकटून प्रथिननिर्मिती रोखणारे, सुमारे २२ न्यूक्लिओटाइड लांबीचे आरएनएचे तुकडे म्हणजे मायक्रोआरएनए. त्यांच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एरवी रक्तातील विकरांपुढे आरएनएचा निभाव लागत नाही, परंतु हे तुकडे प्रथिनांशी बांधलेले किंवा पेशींनी बाहेर टाकलेल्या सूक्ष्म पुटिकांत बंदिस्त असल्याने टिकून राहतात, आणि म्हणूनच मोठ्या आतड्यातील गाठीचा सुगावा रक्ताच्या नमुन्यातून लागेल, अशी अपेक्षा निर्माण झाली. हाँगकाँगमधील संशोधकांच्या २००९ मधील अभ्यासात मिर-९२ए या रेणूची रक्तद्रवातील पातळी रुग्णांमध्ये वाढलेली आढळली आणि तिच्या आधारे ८९ टक्के रुग्ण ओळखता आले; मात्र कर्करोग नसलेल्यांपैकी ७० टक्क्यांनाच ती चाचणी रोगमुक्त ठरवू शकली, आणि सरसकट चाळणीसाठी हे प्रमाण तोकडेच म्हणावे लागेल. त्यातच हा रेणू तांबड्या पेशींतही विपुल असल्याने, नमुना घेताना त्या फुटल्या तर पातळी फसवी वाढते. मिर-२१ या दुसऱ्या मायक्रोआरएनएची अडचण निराळी: तो स्तन, फुप्फुस अशा इतर अवयवांच्या कर्करोगांतही वाढतो. साहजिकच संशोधनाचा रोख अनेक रेणूंच्या संचाकडे वळला असून, निदानाची खात्री आजही कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने केलेली आतड्याची पाहणी, आणि ऊतीच्या तुकड्याची तपासणी यांवरूनच केली जाते.