कथेतली जखम आणि खरी जखम

दिवाळी अंकासाठी कथा लिहिणारे आणि गॅदरिंगला एकांकिका बसविणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांतले काही जण अधूनमधून दवाखान्यात येऊन विचारतात, "डॉक्टरसाहेब, नायकाला महिनाभर अंथरुणावर ठेवायचंय, पण पुढच्या अंकात तो ठणठणीत हवा. कोणतं दुखणं देऊ?" प्रश्न गमतीचा वाटेल, पण मी तो गंभीरपणे घेतो. आपल्यापैकी बहुतेकांनी प्रथमोपचार पाहिलेले असतात ते नाटक-सिनेमातच, आणि घरात प्रसंग ओढवला की हातून तेच घडते.

डोक्याला मार

खलनायक मागून दांडा हाणतो, नायक रात्रभर बेशुद्ध पडतो आणि सकाळी "मी कुठे आहे?" असे विचारून मारामारीला सज्ज होतो. प्रत्यक्षात साध्या हादऱ्याने आलेली बेशुद्धी काही सेकंदांची किंवा फार तर काही मिनिटांची असते. तासन्‌तास शुद्ध येत नसेल तर दुखापत जिवावरची समजावी. त्यातून माणूस वाचला तरी डोकेदुखी, चक्कर, विसराळूपणा आणि चिडचिड कित्येक आठवडे किंवा महिने राहू शकते.

याहून फसवी गोष्ट म्हणजे शुद्ध आल्यावर "सुटलो एकदाचे" असे सर्वांना वाटते. काही वर्षांपूर्वी जवळच्या खेड्यातला एक मुलगा मोटारसायकलवरून पडला. दोनएक मिनिटांत उठला, चहा प्याला, चालत घरी गेला. "दमलाय, झोपू द्या" म्हणून घरच्यांनी झोपवले. रात्री उलट्या झाल्या, हाकेला नीट ओ देईना. आजीने सगळ्यांना उठवले म्हणून तो वेळेवर जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचला. कवटीच्या आतली रक्तवाहिनी फुटून मेंदूवर रक्ताचा दाब वाढत होता. शस्त्रक्रिया झाली आणि मुलगा वाचला. म्हणून डोक्याला मार लागून क्षणभर जरी शुद्ध हरपली, तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे आणि पुढचे चोवीस तास रोग्याला एकटे सोडू नये.

साप आणि सुरी

साप चावला की पडद्यावर जखमेला चीर देऊन तोंडाने विष ओढतात. असे विष निघत नाही. घोणस किंवा फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते, तेव्हा ती चीरच वाहत राहते. वर घट्ट आवळलेल्या दोरीने पायाचा रक्तपुरवठा तुटतो. मण्यार तर बहुधा रात्री झोपेत चावते. दंशाची खूणही धड दिसत नाही. मग पोटात दुखते, पापण्या जड होतात आणि श्वास मंदावतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर प्रतिविषाचे इंजेक्शन हाच उपाय आहे. रोग्याला धीर द्यावा, चालू देऊ नये, चावलेला अवयव फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा आणि १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे.

रंगमंचावर पोटातला सुरा मित्र उपसतो आणि मग जखमी माणूस पानभर संवाद म्हणतो. रुतलेली वस्तू कधीही उपसू नये. तिनेच रक्तवाहिनी दाबून धरलेली असू शकते. ती हलणार नाही अशी कापडाने आधारून रोग्याला न्यावे. खांद्यात लागलेली गोळीही किरकोळ नसते. हाताची मोठी रक्तवाहिनी आणि सगळ्या नसा तिथूनच जातात, त्यामुळे हात कायमचा लुळा पडू शकतो.

रक्त देण्याचेही तसेच. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मध्ये तीन मुलांचे रक्त एकाच वेळी नळीने थेट आईला जाते. प्रसंग लोकप्रिय, पण खरे रक्त आधी पिशवीत घेतात, त्याची तपासणी होते, गट जुळवतात आणि मगच ते चढवतात.

प्लॅस्टर निघाल्यावर

पुढच्याच दृश्यात नायक नाचतो! मोठ्या माणसाचे मनगटाजवळचे हाड जुळायला साधारण सहा आठवडे लागतात, मांडीच्या हाडाला तीन महिने किंवा अधिकही. प्लॅस्टर काढल्यावर पाय काडीसारखा दिसतो, गुडघा वाकत नाही. खरी मेहनत तिथून सुरू होते. "हाड जुळलं, आता व्यायाम कशाला?" असे म्हणून घरी बसलेले आणि हात कायमचा आखडून घेतलेले रोगी मी पुष्कळ पाहिले आहेत.

लेखक मित्रांना माझे सांगणे एवढेच, की बरे होण्याचे दिवस कथेतून गाळू नका. रात्रीचा ठणका, बुडालेली मजुरी, बेडपॅन उचलणारी सून आणि पहिल्यांदा जमिनीवर पाय टेकताना वाटणारी भीती यांत नाट्य पुष्कळ आहे. नायकाला महिनाभर झोपवायचेच असेल तर त्याचा पाय मोडा, पण पुढच्या अंकात त्याच्या काखेत कुबड्या द्या. आणि वाचकहो, नाटक-सिनेमा जरूर पाहा. मात्र त्यातले उपचार तिथेच सोडून या.