मुठा खोऱ्याचे रक्षण : माथ्यापासून काठापर्यंत

नदीचे भवितव्य तिच्या काठापेक्षा तिच्या डोंगरउतारावर अधिक ठरते. पुण्याच्या पश्चिमेस असलेले कोथरूड पूर्वी शेतीचे गाव होते. आज तेथे दाट वस्ती आहे. परंतु भूमीची रचना बदललेली नाही. वेताळ टेकडीच्या दक्षिण उतारावर पडलेले पाणी ओढ्यांवाटे मुठेस मिळते, तर पलीकडील उतारावरचे पाणी राम नदीवाटे मुळेकडे जाते. माथ्यावरील पाणलोट रेषा नदीची वाटणी कशी करते, हे ग्रामसेवकांस येथे उभे राहून सहज दाखविता येईल.

नदीचा मार्ग

मुठा नदी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, मुळशी तालुक्यातील वेगरे गावाच्या परिसरात उगम पावते. तिच्यावर टेमघर, आंबीवर पानशेत व मोसीवर वरसगाव अशी धरणे आहेत. तिन्ही नद्यांचे पाणी सांगरूणजवळ एकत्र येऊन खडकवासल्यास पोहोचते. खडकवासल्याचे दगडी धरण १८७९ साली पूर्ण झाले. चारही धरणांची उपयुक्त साठवण सुमारे २९ अब्ज घनफूट असून पैकी खडकवासल्याचा वाटा केवळ दोन अब्ज घनफुटांच्या आसपास आहे. खाली कोथरूड डाव्या अंगास ठेवून मुठा पुण्यात मुळेस मिळते, आणि मुळा-मुठेचे पाणी पुढे भीमेत जाते.

घाटमाथ्यावर काही ठिकाणी वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुण्यात तो सुमारे सातशे मिलिमीटर असतो. याच पाण्यावर पुणे शहराची तहान भागते आणि हवेली, दौंड व इंदापूर तालुक्यांतील कालव्याखालील पिके उभी राहतात. म्हणून घाटमाथ्यावरील शेतकऱ्याच्या बांधाचा संबंध दूर इंदापूरच्या उसाशी पोहोचतो.

माती वाहून गेल्याने होणारी हानी

उघड्या उतारावर पावसाचा थेंब आदळला की माती सुटते. ती प्रथम शेताची सुपीकता नेते, मग ओढा भरते आणि अखेरीस जलाशयात गाळ होऊन बसते. गाळाने व्यापलेल्या जागेत पाणी मावत नाही. शिवाय उतारावर पाणी न मुरल्याने हिवाळ्यानंतर झरे लवकर आटतात. एकाच कारणाने वरच्या गावास पाणीटंचाई व खालच्या गावास पाण्याची कपात सोसावी लागते.

मुळशी व राजगड (पूर्वीचे वेल्हे) या तालुक्यांत भात व नाचणीची रोपे तयार करण्यासाठी झाडांच्या फांद्या व पालापाचोळा जाळून राब भाजण्याची पद्धत चालत आली आहे. तीमुळे उतारावरील वृक्षांची दरवर्षी छाटणी होते. यास उत्तम पर्याय चारसूत्री भातलागवडीचा आहे. भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत मिसळावी, गिरिपुष्पाचा पाला चिखलणीपूर्वी शेतात गाडावा, नियंत्रित अंतरावर पुनर्लागवड करावी व खताच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये खोचाव्यात. बांधावर गिरिपुष्प लावल्यास हिरवळीच्या खतासाठी रानात जावे लागत नाही.

उतारावरील कामाचा क्रम

काम नेहमी माथ्याकडून पायथ्याकडे करावे. माथ्यावर चराई व वणवा थांबवून गवत वाढू द्यावे; उतारावर मृगापूर्वी समतल चर खोदावेत; घळीत अनगड दगडी बांध घालावेत; त्याखालील शेतात समपातळीत बांध घालून नांगरट उतारास आडवी करावी. पाऊस ओसरल्यावर, ओढा वाहता असतानाच, रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालावा. वरचे काम सोडून खालीच बंधारा बांधल्यास तो अल्पावधीत गाळाने भरतो. जलाशयांतील साचलेला गाळ शेतात नेण्यासाठी २०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना राबविण्यात आली. तथापि गाळ काढण्यापेक्षा तो येऊ न देणे अधिक हिताचे होय.

काठ हाही नदीचाच भाग

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्यात मुठेच्या काठच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातीलच आंबिल ओढ्यास आलेल्या पुराने अनेकांचे प्राण घेतले. पहिली आपत्ती धरण फुटल्याची व दुसरी अतिवृष्टीची. तरी नदी-ओढ्याची जागा अडविली की हानी वाढते, हा धडा दोहोंत एकच आहे. पूररेषेच्या आत भराव टाकू नये व ओढ्याचे पात्र नांगरून शेतात घेऊ नये. काठावर उंबर, जांभूळ, करंज व वाळुंज राखल्यास मुळे माती धरून ठेवतात.

नदी राखण्याची कल्पना या खोऱ्यास नवी नाही. सह्याद्रीतील देवरायांत कुऱ्हाड न चालविण्याचा दंडक गावांनीच घालून घेतला होता. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व शास्त्रीय दृष्ट्या मांडले. अनेक झरे आजही अशा राईंच्या आश्रयाने टिकून आहेत.

ग्रामसेवकांनी पावसाळ्यापूर्वी ग्रामसभेसमोर आपल्या शिवाराचा नकाशा मांडावा, माथा, घळी, झरे व ओढे त्यावर दाखवावेत आणि प्रत्येक कामाची जबाबदारी वाटून द्यावी. ज्या गावाने आपला एक ओढा राखला, त्याने मुठेचा तेवढा भाग राखला.