पाया पांढरीत की काळीत?

जागा आणि कागद : लेखांक ५

गावाच्या जमिनीला आपल्या आजोबा-पणजोबांनी दोनच नावं ठेवली होती. वस्तीची ती पांढरी आणि पिकाची ती काळी. पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहून, चुलीची राख आणि पडक्या भिंतींची माती मिसळून पांढुरकी झालेली जमीन म्हणजे पांढरी. सिरसाळ्यात घर बांधायला निघालेल्या माणसाला मी नकाशा, सिमेंट, मिस्त्री यांतलं काहीच आधी विचारणार नाही. पाया पांढरीत पडणार आहे की काळीत, एवढंच विचारीन. कारण परवानगी कुणाकडे मागायची आणि ती मिळणार की नाही, हे त्या एका उत्तरावर ठरतं.

कायद्याच्या भाषेत पांढरी म्हणजे गावठाण. त्याची हद्द जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ नुसार जिल्हाधिकारी ठरवतात. या हद्दीच्या आत महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५२ लागू होतं : ग्रामपंचायतीची आधी परवानगी घेतल्याशिवाय इमारत बांधायची नाही, पाडून पुन्हाही बांधायची नाही. या दुसऱ्या भागाकडे फार जणांचं दुर्लक्ष होतं. 'जागा वडिलोपार्जित, माळवद उतरवून स्लॅब टाकतोय, त्याला कसली परवानगी?' असं सर्रास म्हटलं जातं. पण माळवद उतरवून नवं घर उभारणं हे पुन्हा बांधणंच आहे.

मोठी सवलत २०२१ च्या फेब्रुवारीत आली. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली होती. तिच्या आधारे ग्रामविकास विभागाने जाहीर केलं, की १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण १,६०० चौरस फुटांच्या भूखंडावर घर बांधायला वेगळी परवानगी लागणार नाही. मालकीचे कागद, नकाशा, शुल्क भरल्याची पावती आणि नकाशा नियमात बसतो असा परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत दिला की पुरे. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत अभियंत्याने तपासलेली कागदपत्रं द्यायची, ग्रामपंचायतीने १० दिवसांत शुल्क कळवायचं आणि ते भरल्यावर बांधकाम सुरू करण्याचा दाखला मिळतो. नगररचना कार्यालयात जाण्याची पाळी त्याहून मोठ्या भूखंडांवर येते. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे ओटा एवढंच ज्याला हवं आहे, त्याचं काम या नियमाने गावातच होतं.

अडचण येते ती 'मालकीचे कागद' या दोन शब्दांपाशी. घरातून पिशवी निघते, पिशवीतून नमुना ८ निघतो. हा ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा उतारा. लोक त्याला 'आठ अ' म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो, कारण आठ अ नावाचा वेगळा उतारा तलाठ्याकडेही असतो आणि त्यात शेतजमिनीचं खातं असतं. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावाच्या तोंडी अजून तलाठीच आहे. मुख्य गोष्ट अशी, की नमुना ८ मालकी सिद्ध करत नाही. या घराचा कर अमुक माणूस भरतो, इतकंच तो सांगतो. तीन भावांत एकाच्या नावावर नमुना असेल, तर बाकी दोघांचा हक्क संपत नाही; उलट बांधकाम सुरू झालं की त्यांची हरकत येते.

गावठाणातल्या घरांना शेतासारखा सातबारा कधी नव्हता. ट्रंकेतला जुना कबाला आणि शेजाऱ्यांची साक्ष हाच आधार. ही उणीव भरून काढण्यासाठी गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली. आपल्या राज्यात तिचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने 'स्वामित्व' योजना जाहीर केली. तिच्यातून घरमालकाला मालमत्ता पत्रक मिळतं. आपल्या घराचं पत्रक तयार झालं असेल तर आधी ते काढून घ्या आणि त्यावरची नावं, क्षेत्रफळ आणि चारी बाजूंच्या हद्दी नीट वाचा.

आता काळीकडे येऊ. पांढरीत जागा उरलेली नाही, त्यामुळे गाव रस्त्याच्या कडेने शेतात सरकतं. परळीकडून तेलगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिरसाळा आहे, तिथेही घर शोधणाऱ्याची नजर रस्त्यालगतच्या शेतांवरच जाते. अशा जमिनीला पूर्वी सरसकट बिगरशेती, म्हणजे एनए करावं लागे. या नियमांत गेल्या काही वर्षांत पुष्कळ सूट आली आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन प्रादेशिक योजनेत विकासयोग्य ठरलेली असेल, तर संहितेच्या कलम ४२ड नुसार ती बिगरशेती झाली असंच मानलं जाऊ लागलं. मात्र त्यासाठी सरकारला रक्कम भरावी लागते, म्हणून 'दोनशे मीटरच्या आत आहे, काही लागत नाही' या बोलण्यावर विसंबू नका. स्वतःच्या शेतात आखाड्यावर गुरांचा गोठा, अवजारांची खोली किंवा शेतकरी कुटुंबाला राहायला घर बांधणं ही वेगळी बाब आहे. संहिता त्याला शेतघर मानते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती बाँडवर घेतलेल्या प्लॉटची. कुणी शेतातला एक गुंठा विकतो, स्टॅम्पवर लिहून देतो, घेणारा ऊसतोडीची उचल किंवा पुण्यातल्या मजुरीतून साठवलेले पैसे मोजतो. पण १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. २०२३ मध्ये राज्याने जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरवलं. त्याहून लहान तुकड्याची सहसा खरेदीखतानेही नोंदणी होत नाही, मग बाँडची काय कथा. फेरफार होत नाही, सातबाऱ्यावर नाव लागत नाही, नाव नाही म्हणून परवानगी नाही आणि परवानगी नाही म्हणून बँकेचं कर्जही नाही. पुढे राज्याने या कायद्यात सवलती दिल्या आहेत, तेव्हा असा प्लॉट आधीच घेतला असेल तर आपला व्यवहार त्यांत बसतो का, हे तहसीलमध्ये लेखी अर्ज देऊन विचारा.

मराठवाड्याची म्हणून एक खास गाठ आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळे इनामी जमिनी इथे पुष्कळ. मंदिराच्या किंवा मशिदीच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमास जमीन परस्पर विकता येत नाही, मग ती कितीही हातांतून गेलेली असो. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' (विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन) दिसलं की थांबायचं आणि १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक काढून मूळ नोंद बघायची. गायरानाबद्दल तर शंकाच ठेवू नका. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हा विषय आला, तेव्हा राज्यात गायरानावर सुमारे २ लाख २२ हजार अतिक्रमणं असल्याची आकडेवारी पुढे आली. त्यांतली कितीतरी गरिबांची राहती घरं आहेत. नोटीस आली तेव्हा त्या घरांत कुणाला झोप लागली असेल?

कागद पुरे झाले, तरी मातीचा प्रश्न उरतो. काळी माती पावसात फुगते आणि चैत्र-वैशाखात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला की दोन-तीन वर्षांत भिंतीला तिरपी चीर जाते. मुरूम लागेपर्यंत खोदायचं, आणि तो फार खोल असेल तर कुठल्या प्रकारचा पाया घ्यायचा हे अभियंत्याला विचारायचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत माणसं मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या माळवदाच्या ओझ्याखाली. सिरसाळा तिथून फार लांब नाही. म्हणून अर्जासोबतच्या दाखल्यावर सही करणारा अभियंता जागेवर येऊन गेला का, त्याने खड्डा घेऊन माती पाहिली का, हे घरमालकाने स्वतः विचारावं. पाचशे रुपये वाचवून घरबसल्या मिळालेल्या सहीला मी परवानगी मानत नाही.

पुढच्या आठवड्यात मोजणीकडे वळू : भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज कसा करायचा, शेजाऱ्यांना नोटीस का जाते आणि मोजणीची खूण बांधावर न पडता शेजाऱ्याच्या तुरीत पडली तर काय करायचं.