दोन गिझर, एक मीटर

इंझोरी गावातल्या एखाद्या घरात दोन न्हाणीघरांसाठी दोन इन्स्टंट गिझर बसवायचे ठरले, की हमखास म्हटले जाते, ‘युनिट तेवढीच जळणार, मग दोन्ही एकदम लावले तर काय बिघडलं?’ बिलापुरते हे खरे आहे, तारेपुरते नाही.

युनिट म्हणजे एकूण वापरलेली वीज. भार म्हणजे एका वेळी ओढली जाणारी वीज. सोयाबीनची दहा पोती दोन खेपांत नेली काय, एका खेपेत नेली काय, माल तेवढाच. पण एका खेपेत गाडीच्या आसावर दुप्पट वजन येते. 3 किलोवॅटचा गिझर 230 व्होल्टवर सुमारे 13 अँपिअर ओढतो. दोन मिळून 26.

एमसीबी (मर्यादेबाहेर प्रवाह गेल्यास वीज तोडणारी कळ) सारखी पडते म्हणून मोठी बसवू नये. ती तारेची राखण करते. मोठी बसवली तर कळ पडत नाही, पण तार तापत राहते.

प्रत्येक गिझरला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी आणि पक्के अर्थिंग द्यावे. महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार (जोडणीला मान्य असलेली किलोवॅटची मर्यादा) पाहावा. तो कमी असेल तर वाढवून घ्यावा, नाहीतर एका वेळी एकच गिझर चालेल असा चेंजओव्हर स्विच बसवावा.